स्मारांदाचं जेनोआ

"डावीकडे," स्मारांदा म्हणाली आणि उजवीकडे वळली.

मी तिच्या मागे गेले. गल्ली इतकी अरुंद होती, की हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकदमच लागले असते. पाच मजले वर आभाळाची एक फीत दिसत होती आणि त्या फितीखाली कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. त्यातली पिवळ्या काठाची चादर मी ओळखली. तिच्याखालून आम्ही तिसऱ्यांदा चाललो होतो.

"बंदर इथंच असणार गं कुठंतरी," ती म्हणाली. "मेल्यांनी रस्तेच बदललेत."

"दोन वर्षांत?"

"कीवा बाई, दोन वर्षं म्हणजे काय कमी झाली?"

या गल्ल्या आठशे वर्षं आहेत तशा आहेत, असं तिनंच मला एकदा फोनवर सांगितलं होतं.

आम्ही दोघी रोमानियातल्या बुहुशच्या. तिथल्या कापडगिरणीत शेजारशेजारच्या मागांवर एकोणीस वर्षं काढली. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसायचा, आम्ही एकमेकींचे ओठ वाचायचो. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले आणि स्मारांदा जेनोआला गेली, एका म्हाताऱ्या बाईला सांभाळायला. अकरा वर्षं राहिली, म्हातारी गेली तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, परत आली. तिथून दर रविवारी चार वाजता तिचा फोन यायचा.

"आज कुठं गेली होतीस?" मी विचारायची.

मग ती सांगायची. डोंगराच्या पोटातून वर जाणारा लिफ्टचा एक पाळणा आहे, त्याचं दार उघडलं की सगळं शहर पायाशी येतं, पाटीच्या दगडाची करडी छपरं आणि त्यापलीकडे जहाजं. एका भिंतीवर खऱ्या खिडक्यांच्या मध्ये रंगानं काढलेल्या खिडक्या आहेत, एकीत तर मांजरही बसवलंय. शहराच्या टोकाला कोळ्यांची वस्ती आहे, घरं जेलीच्या रंगीबेरंगी मिठायांसारखी, आणि लाट मागे सरताना गोटे एकमेकांवर घासून टाळ्या वाजवल्यासारखा आवाज येतो. पलीकडच्या खोलीतून आई हाका मारत असायची आणि मी फोन कानाला लावून आमच्या धुरकट स्वयंपाकघरात उभ्याउभ्या समुद्राकाठी जाऊन यायची.

यंदा फेब्रुवारीत विमानाची तिकिटं बसच्या भावात निघाली. आई जाऊन वर्ष झालं होतं. मी म्हटलं, "चल, मला तुझं शहर दाखव."

"काय बघायचंय त्यात? मी पाहिलंय सगळं."

"मी नाही ना पाहिलं."

तिनं पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मग म्हणाली, "चल."

नन लोकांच्या वसतिगृहात दोन खाटा मिळाल्या. पाव, सलामी, उकडलेली अंडी घरूनच घेतली. भाजलेल्या वांग्या-मिरच्यांच्या चटणीची बरणी मात्र विमानतळावरच्या शिपायानं आत सोडेना. टाकून द्यायला स्मारांदा तयार नव्हती. आम्ही दोघींनी तिथंच उभं राहून, पावाला लावून, बरणी रिकामी केली. शिपाई शेवटपर्यंत बघत होता. स्मारांदानं त्यालाही एक घास पुढे केला.

आणि आता ही बाई मला गोल गोल फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "तो पाळणा कुठंय?" तिनं एका फळवाल्याला विचारलं. इटालियन अशी अस्खलित, की तो तिला गावचीच समजला. टीव्हीवर ऐकून ऐकून मलाही ती भाषा थोडीफार कळायची. एका लांब बोगद्याच्या टोकाला पाळण्याचं लाकडी दार होतं आणि त्याआधी एक फिरतं लोखंडी फाटक. तिकीट हातात धरून स्मारांदा त्या फाटकाकडे बघत राहिली. मागच्या म्हाताऱ्यानं तिच्या हातातलं तिकीट हळूच घेऊन फटीत सरकवलं, तेव्हा ती दचकली. मी दुसरीकडे बघितलं.

वर गेलो. दार उघडलं. छपरं, घुमट, बंदरातल्या क्रेन, दीपगृह आणि पलीकडे आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळू नये असा दुधाळ निळा रंग. सगळं फोनवर होतं तसंच. आपण इथं पूर्वी येऊन गेलोय असं मला वाटत राहिलं.

स्मारांदा कठड्याशी जाऊन उभी होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण मला कधी लागला होता आवाज? 'खोटं नव्हती सांगत,' ती म्हणत होती. 'खोटं नव्हती सांगत म्हातारी.'

म्हणजे हिनं हे पाहिलंच नव्हतं.

मला तिचा राग यायला हवा होता. त्याऐवजी एक हिवाळा आठवला. आईनं अंथरूण धरलं होतं तेव्हाचा. तिचं हगणंमुतणं काढून मी थकले होते, आणि रविवारी फोनवर स्मारांदा समुद्राच्या वाऱ्याबद्दल सांगत होती. "तुझं बरंय बाई, फिरतेस," मी म्हटलं आणि फोन आपटला. पुढचे तीन महिने उचलला नाही.

त्या संध्याकाळी हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पोळा आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःहून बूट घातले. "ये."

आज ती कुठेही अडखळली नाही. चढणीचा एक रस्ता, मग दगडी पायऱ्या, मग औषधांचं दुकान. दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला आणि त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले. पुढे पाववालीनं तर किंचाळीच मारली.

"स्मारांदा! अगं बाई, वाळलीस किती! तुझ्या गावात खायला मिळत नाही का?"

"मिळतं गं, पण तुझ्यासारखं खारट नाही मिळत," स्मारांदा म्हणाली आणि दोघी मोठ्यानं हसल्या. तेलानं माखलेला, मिठाचे खडे पेरलेला गरम पाव पाववालीनं कागदात बांधून दिला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. कुणाचा गुडघा कसा आहे, कुणाची सून परत आली का, स्मारांदाला सगळं ठाऊक होतं. त्या एवढ्याशा रस्त्यावर ती राणीसारखी चालत होती.

एका हिरव्या दरवाजासमोर ती थांबली आणि तिनं वर बोट केलं. "तिसरा मजला. ती खिडकी. इथून पाववालीपर्यंत दोनशे ऐंशी पावलं. हे माझं जेनोआ, कीवा. बाकीचं मी काही पाहिलेलं नाही."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "काल वर तुझे ओठ वाचले."

ती समोरच्या पायरीवर बसली. मीही बसले.

"सिन्योरा एर्मिनियाला, माझ्या म्हातारीला, अर्ध्या तासाहून जास्त एकटं सोडता यायचं नाही. पडायची. पोरगा यायचा ईस्टरला अन् नाताळला. पहिली तीन वर्षं माझ्याकडं कागदपत्रं पण नव्हती, लांब जायला भ्यायची मी. मग सवय झाली."

"मग ते सगळं? खिडकीतलं मांजर, ते टाळ्या वाजवणारे गोटे?"

"तिचं होतं. तरुणपणी सगळं शहर पायाखाली घातलेली बाई ती. पहिल्यांदा तू फोनवर विचारलंस, आज कुठं गेली होतीस? मी काय सांगणार, स्वयंपाकघरातून न्हाणीघरात? मी गप्प बसले. सिन्योरानं खुणेनं विचारलं, काय म्हणते मैत्रीण? मी सांगितलं. तर म्हणाली, तिला सांग, पाळण्यात बसून वर गेले होते." स्मारांदा हसली. "मग दर रविवारी आमचं ठरायचं. दुपारी मी तिचे केस विंचरायची, तिला चांगला झगा घालायची, आणि ती विचारायची, आज कुठं जायचं आपण? ती सांगायची, मी तुला सांगायची. ती बाजूला बसून ऐकायची. रोमानियन एक अक्षर कळत नव्हतं तिला, पण जागांची नावं आली की मान डोलवायची."

वरच्या त्या खिडकीत आता निळी झडप होती, बंद.

"आणि त्या हिवाळ्यात?" मी विचारलं.

"त्या हिवाळ्यात काय. तीन महिने ती झगा घालून बसायची. मी फोन लावायची, वाजून वाजून बंद व्हायचा. म्हणायची, आज नाही का जायचं?"

मी हातातला पाव कागदात परत ठेवला. "मी घरातच होते, स्मारांदा. फोनसमोरच उभी असायची."

"ठाऊक होतं की."

"कसं?"

"आई आजारी तुझी. तू जाणार कुठं होतीस?"

तिच्या बोलण्यात जराही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिचा हात धरला. ब्लीचनं खरबरीत झालेला, माझ्या हातासारखाच. दोन हजार किलोमीटर अंतरावर आम्ही दोघी एकाच वेळी चादरी धूत होतो, आणि त्यातली एक दुसरीला समुद्र दाखवत होती.

"मला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू ऐकताना श्वास रोखून धरायचीस गं. फोनवर कळायचं मला. ते कसं मोडू?"

दुपारी आम्ही बसनं कोळ्यांच्या वस्तीवर गेलो. दोघी पहिल्यांदाच. घरं फोनवर होती त्याहून लहान होती आणि गोटे खरंच टाळ्या वाजवत होते. स्मारांदानं मोजे काढून पिशवीत कोंबले आणि हिरव्या-निळ्या शिरांनी भरलेले पाय पाण्यात घालून ती बराच वेळ उभी राहिली. "सिन्योरा, आलो बघ," असं काहीतरी म्हणाली असावी. तिची पाठ माझ्याकडे होती, ओठ दिसले नाहीत.

परतताना जुन्या शहराच्या तोंडाशीच बसमधून उतरलो. हातात नकाशा घेतलेलं एक इटालियन जोडपं, बहुधा दक्षिणेकडचं, सरळ स्मारांदाकडे आलं. ती इथलीच वाटली असावी. मोठं चर्च कुठे आहे, त्यांनी विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. परवापर्यंत तिनं छातीठोकपणे डावीकडे म्हणून सांगितलं असतं.

"मला नाही माहीत," स्मारांदा सुरेख इटालियनमध्ये म्हणाली. "मीही पाहुणीच आहे."

मग आम्ही गल्लीत शिरलो. ती पुढे, मी मागे. प्रत्येक कोपऱ्यावर ती थांबायची, मान वर करून भिंतीवरची रस्त्याच्या नावाची संगमरवरी पाटी मोठ्यानं वाचायची, अक्षर अक्षर सुटं करून, आणि वाचून झालं की पुढच्या कोपऱ्याकडे निघायची.