मागच्या सीटवर बावन्न किलो

"नाही बसणार," दोनबोटे म्हणाले.

"बाबा, तुम्ही अजून चाकांकडे बघितलंसुद्धा नाही."

"बघायचं काय त्यात? मोठ्या रिमा बसवणं मी सोडलंय. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे, तुला तेवढं माहीत नाही? आणि तुझ्या गाडीत पुढे काहीतरी खुळखुळतंय. येताना ऐकलं मी."

"ते नंतर बघू," म्हणत लेकीने गाडीचं मागचं दार उघडलं. दोन अलॉय चाकं डिकीत होती, दोन मागच्या सीटवर, चारही जुन्या चादरींत गुंडाळलेली. जावयांनी हौसेने कचेरीतल्या कुणाकडून तरी टायरांसकट आणली होती. "आपल्या रिमा चौदाच्या, या पंधराच्या. एकाच इंचाचा तर फरक आहे. शुक्रवारी घाट चढून जायचंय, बाबा. दोन्ही पोरं, सासूबाई, आम्ही दोघं, शिवाय सामान. तुम्ही नाही म्हणालात तर समोरचा बसवून देतोय अर्ध्या तासात."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचं काचेचं दुकान. तिथे संगणकात गाडीचं नाव घातलं की टायरचं माप पडद्यावर येई. दोनबोट्यांचा त्या संगणकावर राग नव्हता, त्याची मापं बहुतेक वेळा बरोबर असत. फक्त गाडीत कोण कोण बसणार हे तो कधी विचारत नसे, आणि न विचारता कुणाची चाकं बदलणं दोनबोट्यांना आगाऊपणाचं वाटे.

दोनबोटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. चाक आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाहीतर गाडी दुकानाबाहेर निघणार नाही, हा त्यांचा हेका. त्यावरून कुणीतरी थट्टेने नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की टपालवालाही त्याच नावाने पाकिटं टाकून जाऊ लागला. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण?

"एक इंच म्हणे," ते पुटपुटले. चाकांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना कोण अडवणार? खाली वाकून त्यांनी टायरवरचा आकडा वाचला. १९५/६५. "हे तर मुळातच चुकलंय. ऐक. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीचा, म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा, इंचात. एका टायरवर तीन मापं आणि तिघं तीन गावचे, म्हणून लोक फसतात. तुझा जुना टायर एकशे पासष्ट, ऐंशी टक्के. आता रिम वाढली की भिंत बुटकी झाली पाहिजे, म्हणजे चाकाची बाहेरची उंची होती तेवढीच राहते."

"कपाट तेवढंच," लेक म्हणाली. "डबे मोठे आणले तर झाकणं बसकी हवीत."

ते वाक्य तिच्या आईचं होतं.

तिच्या आईला दुकानावर येणारे सगळे वहिनी म्हणत. टायरमधलं त्यांना काही कळत नाही असं त्या स्वतःच सांगायच्या आणि मग दोनबोटे पाऊण तासात जे समजावू शकत नसत ते कपाट आणि डबे सांगून अर्ध्या मिनिटात समजवायच्या. गिऱ्हाईक हसायचं, मान डोलवायचं आणि योग्य तो टायर घ्यायचं. दोनबोट्यांना याचा थोडा हेवा वाटे, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

वहिनी दुकानात आल्या त्या मात्र एका चुकीमुळे. लेक तेव्हा तान्ही होती. दोनबोट्यांनी आपल्या मेहुण्याच्या गाडीला मोठ्या दिमाखात मोठ्या रिमा चढवल्या, दुकानात उभ्या गाडीची फट मोजली, दोन बोटं भरली. मग सहा माणसं त्या गाडीत कोंबून सगळे सहलीला निघाले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी ओझ्याने दबली, चाक पूर्ण वळलं आणि टायर कमानीला घासून फाटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पाच तास सगळे रस्त्याच्या कडेला बसून होते. वहिनी लेकीला मांडीवर घेऊन एका दगडावर बसल्या होत्या. त्यांच्या भावाने आरडाओरडा केला, भावजय रडली, वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही गाडी मोजलीत. आम्हाला कुठे मोजलंत?"

दुसऱ्या दिवसापासून नियमच झाला. मोठी रिम बसवायची तर गाडी भरून मोजायची. बाकीच्या माणसांऐवजी वाळूची पोती ठेवली तरी चालतील, पण मागच्या सीटवर डावीकडे वहिनी. पोतंच ठेवू की तिथेही, असं दोनबोटे एकदा म्हणून बसले. "पोतं वळणावर हलत नाही," वहिनी म्हणाल्या, "माणूस हलतो."

पंचवीस वर्षं हे चाललं. वर वहिनी शब्दकोडं सोडवत बसलेल्या, खाली जमिनीवर पाठ टेकून, टॉर्च तोंडात धरून दोनबोटे. वरून प्रश्न यायचा, "तीन अक्षरी, पाण्याशी संबंध, शेवटी र," आणि टॉर्च तोंडात असल्यामुळे उत्तर येत असूनही त्यांना देता येत नसे. ते कधी डावीकडे सरक म्हणत, कधी उजवीकडे. मोजायच्या आधी विचारत, "बसलीस का?" वरून ठरलेलं उत्तर येई, "बसले. उरका." गिऱ्हाइकांनाही या प्रकाराची इतकी सवय झाली होती की वहिनी माहेरी गेल्या असतील तर लोक चार दिवस थांबायचे.

या सगळ्याची एक वही होती, भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने टांगलेली. गाडी, जुना टायर, नवा टायर, चाकाचा एक फेरा किती, आणि शेवटच्या रकान्यात मागे कोण. त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच नोंद होती: ही, ५२ किलो. पहिल्या दिवशी वहिनींनी बावन्न सांगितलं, दोनबोट्यांनी लिहिलं. साठाच्या आत त्या कधी नव्हत्या हे दोनबोट्यांना गाडी किती दबते त्यावरून कळत होतं. पण कोणत्या नवऱ्याने असली दुरुस्ती केली आहे?

आठ महिन्यांपूर्वी वहिनी गेल्या आणि मोठ्या रिमा बंद झाल्या. पंक्चर, साधे टायर, हवा, एवढंच. लोक म्हणत, बिचाऱ्याचं लक्ष लागत नाही. लक्ष लागत नव्हतं हे खरं होतं, पण कारण वेगळं होतं आणि ते दोनबोट्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"निदान कुठला टायर हवा ते तरी सांगा," लेक म्हणाली.

तेवढं सांगायला हरकत नव्हती. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक काढलं, टायरवर खडूने रेघ मारली आणि फरशीवर ते बरोबर एक फेरा फिरवून तिथे खूण केली. मग जावयांचं चाक तसंच फिरवलं. दोन खुणांमध्ये जवळजवळ पाच सेंटिमीटरचा फरक पडला.

"बघ. मीटर शंभर दाखवेल तेव्हा तू एकशे दोनच्या पुढे असशील. ते एक वेळ खपेल. पण हे चाक उंच आहे आणि रुंदही आहे. आत्ता बसवलं तर छान फिरेल, समोरचा तुला फिरवून दाखवेलही. घाटात पाच माणसं बसली की घासेल. हे टायर उतरव आणि एकशे पंच्याऐंशी, पासष्ट घे. रिम हीच. जुन्या चाकाच्या उंचीत आणि त्याच्यात दोन मिलिमीटरचा फरक. वजन पेलायचा आकडाही जुन्यापेक्षा कमी नाही."

"आहेत तुमच्याकडे?"

"आहेत."

"मग बसवा. मागे मी बसते."

"नको."

"का नको?"

दोनबोट्यांनी खडू टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "तुझ्या आईचं आजारपण मला दिसलं होतं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी सांगायच्या दोन महिने आधी. एकाच मालकाच्या सहा गाड्या होत्या, सगळ्या सारख्या, रिमा त्याच, टायर तेच. दर आठवड्याला एक करत होतो. तिसऱ्या गाडीला फट पाव बोट जास्त आली. वर तीच बसलेली. पाव बोट, म्हणजे गाडी दबली नाही तेवढी. मी म्हटलं, स्प्रिंगा कडक असतील. पुढच्या गाडीला फट पुन्हा बरोबर आली आणि मी विसरून गेलो. मग दवाखान्यात तिला काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. पंचवीस वर्षं मी खोटं लिहीत होतो, ते त्या दिवशी खरं झालं." त्यांनी खडू खाली ठेवला. "अख्खा जन्म तिला मोजण्यात गेला, आणि खरी वेळ आली तेव्हा मी स्प्रिंगांना दोष दिला."

गाडीचं पुढचं दार उघडून लेकीने सीटखालून एक कापडी पिशवी ओढून काढली. दोन्ही हातांनी उचलावी लागली आणि उचलताना ती खुळखुळली. घरातल्या जुन्या पडद्याचं कापड होतं, वर नाडी. शिवण वहिनींच्या हातची होती. पिशवी तिने टेबलावर ठेवून नाडी सोडली. आत चाकांचे जुने नट होते, झिजलेले, गंजलेले. कोपऱ्यातल्या डब्यातले हे नट भंगारवाल्याने नेले असं दोनबोटे समजून चालले होते.

"त्या तिसऱ्या गाडीखालून तुम्ही म्हणालात, आज फट जास्त का येतेय," लेक म्हणाली. "आईने ऐकलं. संध्याकाळी मला फोन केला. म्हणाली, माझं वजन उतरतंय आणि यांचं माप चुकतंय, मला काहीतरी जड करून दे. मग आम्ही दोघींनी ही भरली. सात किलो. तिला उचलवायची नाही, म्हणून दर आठवड्याला मी येऊन सीटवर ठेवून जायचे. ती वर शाल घालून बसायची."

दोनबोट्यांना ती शाल आठवली. भर उन्हाळ्यात मांडीवर शाल कशाला, असं त्यांनी विचारलंही होतं. शब्दकोड्यातला एक शब्द विचारून वहिनींनी विषय बदलला होता.

"मी म्हटलं तिला, बाबांना सांगून टाक. तर म्हणाली, तपासण्या पुऱ्या होऊ देत. माझं काय व्हायचं ते होईल, पण त्या गाड्यांत लोकांची पोरं बसणार आहेत."

"म्हणजे तुम्हाला दोघींना..."

"तुम्हाला फट दिसली त्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. स्प्रिंगांमुळे एक दिवससुद्धा वाया गेला नाही, बाबा." तिने पिशवी त्यांच्याकडे सरकवली. "आठ महिने ही घेऊन फिरतेय. आईचं नाव काढलं की तुम्ही हवा भरायला उठता. मग देणार कधी?"

दोनबोट्यांनी एक नट उचलला, बोटांत फिरवला, पुन्हा पिशवीत ठेवला. मग बाह्या सरसावून पहिलं अलॉय चाक यंत्रावर घेतलं. चारही टायर उतरवायला आणि नवे चढवायला दुपार गेली. लेक न सांगता पान्हे देत राहिली. लहानपणी शाळेतून आली की ती हेच करायची आणि आठऐवजी बाराचा पान्हा द्यायची. आज एकदाच चुकली.

चाकं बसली. पुढच्या दोन सीटवर पोती आली, मागे उजवीकडे आणि मध्ये पोती, डिकीत सामानाचं पोतं. दोनबोट्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, टॉर्च घेतला आणि गाडीखाली पाठ टेकली. मागचं डावं दार उघडून बंद झालं आणि गाडी हळूच दबली.

"बसलीस का?" तोंडातून गेलं.

"बसले," वरून उत्तर आलं. "उरका."

गाडीखाली झोपलेल्या माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही, ही त्या धंद्यातली एक चांगली गोष्ट आहे. ते रडले. लेकीला ऐकू आलं असावं, कारण ती तेवढा वेळ अजिबात हलली नाही. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले, तिला डावीकडे सरकायला सांगितलं, मग उजवीकडे, आणि चारही कमानींखाली बोटं घालून पाहिली. सगळीकडे दोन बोटं गेली.

बाहेर येऊन त्यांनी वही उघडली. आठ महिन्यांची धूळ झटकली. गाडी, जुना टायर, नवा टायर, एक फेरा, सगळं लिहून झालं.

"वजन किती लिहू? बावन्न?"

"खरं लिहा, बाबा. चौसष्ट. पोरं बसणार आहेत."

त्यांनी चौसष्ट लिहिलं. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते दुकानाच्या दारात उभे राहिले. मग पिशवीची नाडी घट्ट बांधून त्यांनी ती वहीशेजारी टांगली. त्या एका खिळ्याला ती पेलेना, खिळा वाकला. दोनबोटे आत जाऊन हातोडी घेऊन आले आणि त्यांनी तिच्यासाठी वेगळा, मोठा खिळा ठोकला.