साडूंच्या घरचं न नासणारं दूध

आमचे साडू दूध संकलन केंद्रावर तपासनीस होते. चौतीस वर्षं लोक कॅन आणत राहिले आणि साडू ते परत पाठवत राहिले. सगळेच नाही अर्थात. काही त्यांनी नाइलाजाने स्वीकारलेसुद्धा. नमुना नळीत घेऊन उकळायचा, फुटल्याचा एखादा कण दिसला की वहीत ‘नाकारले’ लिहायचं, हा त्यांचा उद्योग. नात्यागोत्यात सगळे त्यांना साहेब म्हणतात. मीही म्हणतो. साडूसाडूंच्या नात्यात कुणीतरी एकानं कमीपणा घ्यावा लागतो, आणि तो मान आमच्याकडे परंपरेनं माझा आहे.

आठ महिन्यांपूर्वी निवृत्त होताना त्यांना एक वजनदार पितळी सन्मानचिन्ह मिळालं. ते काचेच्या कपाटात असतं. पण साहेबांचा खरा अभिमान कपाटात मावणारा नव्हता. त्यांच्या घरी एकतीस वर्षांत दूध एकदाही नासलं नव्हतं. ऐन उन्हाळ्यात नाही, वीज गेली तरी नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबर ही माहिती मिळे. “घरात तपासनीस असला की दूधसुद्धा वचकून असतं,” असं ते म्हणत. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी आणायला जात.

गेल्या महिन्यात हे पुराण पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या बायकोच्या तोंडून निघून गेलं, “भाऊजी, जन्मभर दुसऱ्यांचं दूध ओतून दिलंत. स्वतःच्या हातानं एक वस्तू केलीत का कधी?”

साहेबांनी कप खाली ठेवला. पुढच्या रविवारी जेवणात ताजं पनीर असेल, दूध उकळण्यापासून फडक्यात दाबण्यापर्यंत सगळं आपल्या हातचं असेल, असं त्यांनी जाहीर केलं. नाही जमलं तर ते सन्मानचिन्ह माळ्यावर जाईल आणि या घरात दुधाविषयी आपण पुन्हा अवाक्षर काढणार नाही. ही शेवटची अट ऐकताना ताईंच्या चेहऱ्यावर आशेसारखं काहीतरी चमकून गेलं.

रविवारी आम्ही दहालाच पोचलो. साहेबांनी ओट्यावर थर्मामीटर, घड्याळ, वही, उकळून वाळवलेला जुन्या पडद्याचा तुकडा आणि वजन करून निवडलेली तीन लिंबं मांडून ठेवली होती. चौथं लिंबू घरात ठेवणं म्हणजे आपल्या हिशेबावर अविश्वास, असं त्यांचं मत. ताईंना मदतीची सक्त मनाई होती. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून वाटाणे सोलत होत्या. माझी बायको पंच म्हणून दारात खुर्ची टाकून बसली, आणि मी दोघी बहिणींच्या मध्ये, जिथे मी गेली सव्वीस वर्षं आहे, तिथे उभा राहिलो.

दोन लिटर दुधाला उकळी आली. साहेबांनी गॅस बंद केला, वहीत वेळ टिपली आणि पहिलं लिंबू पिळलं.

दूध फसफसलं. फेस पातेल्याच्या काठापर्यंत आला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि तो खाली बसला. खाली दूध जसंच्या तसं. दुसरं लिंबू पिळलं, पुन्हा तेच. तिसऱ्याला फेससुद्धा थोडा कंटाळल्यासारखा वाटला. नासण्याचं नाव नाही.

“आपोआप नासतं ते, मुद्दाम नासवायला अक्कल लागते,” पंच म्हणाल्या.

साहेबांनी लिंबाची साल चाटून पाहिली. त्यांचा चेहरा जसा झाला त्यावरून लिंबू निर्दोष ठरलं. माझं लक्ष सहज ताईंकडे गेलं. त्या मन लावून एक शेंग सोलत होत्या, आणि ती शेंग मघाशीच सोललेली होती.

साहेब आतल्या खोलीत गेले आणि भेसळ तपासायच्या औषधाची एक छोटी बाटली घेऊन आले. केंद्रावरची आठवण म्हणून त्यांनी ती जपली होती. चहासाठी बाजूला ठेवलेलं थोडं दूध त्यांनी चमच्यात घेतलं आणि त्यात बाटलीतले दोन थेंब टाकले. दूध गुलाबी झालं.

“सोडा,” साहेब म्हणाले.

आठ महिन्यांत त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. पनीर गेलं चुलीत. त्यांना भेसळ सापडली होती. त्यांनी गवळ्याला फोन करून असेल तसा निघून ये म्हणून सांगितलं आणि तो येईपर्यंत केंद्राकडे तक्रार लिहायला घेतली. सदर इसमाचा परवाना रद्द करावा, या गल्लीतली बावीस घरं त्याच्याकडून काढून घ्यावीत, असं ते लिहितालिहिता मोठ्यानं वाचत होते. ताईंची शेंग हातातच राहिली.

गवळी उरलेलं दूध कॅनसकट घेऊनच आला. साहेबांच्याच वयाचा, बारीक माणूस. साहेब खुर्चीवर असताना वर्षानुवर्षं याचा कॅन केंद्रावर येत होता आणि एकदाही परत गेला नव्हता. ही गोष्ट साहेबांना तेव्हाही जरा संशयास्पद वाटे. त्यानं गुलाबी चमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“माझ्या दुधात सोडा नाही, साहेब. तुम्ही होतात तेव्हा घातला नाही, तो आता कशाला घालू?”

“मी होतो म्हणून घातला नाहीस,” असं म्हणून साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तीस वर्षं पास झालेल्या माणसाला नापास झाल्यावर काय बोलायचं याची सवय नसते. गवळ्यानं कॅन उचलला.

“अहो, सही करू नका,” ताई म्हणाल्या. वाटाण्याचं ताट त्यांनी खाली ठेवलं होतं. “दूध त्यांचं चांगलं आहे. सोडा माझा आहे.”

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एकदा दूध नासलं होतं. तेव्हा साहेबांनी ते मोरीत ओतलं, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तारीख, वेळ आणि ‘निष्काळजीपणा’ असं कारण लिहून कागद चिकटवला, आणि तीन दिवस बिनदुधाचा चहा प्यायले. चौथ्या दिवसापासून ताई रोज सकाळी दुधात चिमूटभर खायचा सोडा टाकू लागल्या. आज दूध नासवायचंय हे त्यांना ठाऊक होतं, पण सकाळी सहाला हात आपोआप डब्यात गेला. त्यातून घरी पाहुणे यायचे, म्हणून चिमटीऐवजी चांगले दोन चमचे पडले. पहिलं लिंबू फसफसलं तेव्हा त्यांना ते आठवलं.

“एकतीस वर्षं?” साहेबांनी विचारलं.

“रोज.”

“आणि मला कळलं नाही?”

“तुम्ही घरचं दूध कधी तपासलंच नाहीत.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तक्रारीचा कागद चार ठिकाणी दुमडून खिशात घातला आणि गवळ्याला म्हणाले, “आपला कॅन स्वीकारण्यात येत आहे.” माफी मागायची त्यांच्याकडे एवढीच भाषा होती. गवळ्यानं ती ओळखली आणि कॅन ओट्यावर ठेवला. जाताना शेजाऱ्यांकडून दोन लिंबंही आणून दिली.

या दुधानं मात्र लिंबू पाहताच हात टेकले. पांढरे गठ्ठे वर, हिरवट पाणी खाली. साहेबांनी ते पडद्याच्या तुकड्यात बांधलं, पिळलं आणि वर वजन म्हणून कपाटातलं सन्मानचिन्ह उपडं ठेवलं. जेवणात पनीर आलं. जरा कोरडं होतं, मीठ राहिलं होतं, पण होतं. ताईंनी दोनदा वाढून घेतलं.

जेवणानंतर कॅनमधल्या उरलेल्या दुधाचा चहा झाला. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप दूर धरला.

“या दुधात काहीतरी गडबड आहे,” ते म्हणाले.

ताईंनी मागे वळून फळीवरचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी चिमूटभर सोडा घेऊन कपात टाकला, ढवळला, आणि चहा प्यायला.