तिवऱ्यातली साक्ष

"काहून नाही सांगायचं? साऱ्या पाऱ्याले ठाऊक आहे!" रायपूरच्या कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून विमलाबाई थेट जजसाहेबांशीच भांडायला लागली.

विमलाबाईला पाऱ्यातलं, म्हणजे आपल्या वस्तीतलं, सगळं ठाऊक असे. त्यातलं डोळ्यांनी पाहिलेलं मात्र पावशेरही नसे. भास्कररावांच्या विहिरीवरून पाण्याची मोटर चोरीला गेली आणि आदल्या दिवशी पाण्यावरून त्यांच्याशी भांडलेल्या अच्युतला पोलिसांनी धरलं. अच्युत तिचा शेजारी. त्याची बायको रमा पोटुशी. त्याला सोडवायला ही बाई आली खरी, पण तोंड उघडलं की 'रमा म्हणे' नाहीतर 'मीराबाई सांगे'!

"सुनी हुई बात नहीं चलेगी," जजसाहेब वैतागले. "आँखों से क्या देखा, वो बताइए."

विमलाबाईची नजर समोर बसलेल्या भास्कररावांकडे गेली आणि झटकन परत फिरली.

कारण पाहिलं तर तिनं होतं. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून शहरातल्या गाड्या पार बांधापर्यंत येत. त्या दिवशी दिवस बुडायच्या वेळी तशीच एक गाडी विहिरीशी थांबली आणि दोन परक्या माणसांनी मोटर उचलून नेली. बोंब मारावी, तर तिच्या पदरात भास्कररावांच्याच तिवऱ्याच्या शेंगा! आपल्या लाखोळीच्या डाळीच्या पिकाला इकडं तिवरा म्हणतात. धान कापल्यावर त्याच ओलीवर तो गुडघाभर माजतो अन् कोवळ्या शेंगांवर बायांचा जीव जडतो. त्या शेंगा चोरणाऱ्या बायांना शिव्या घालण्यात विमलाबाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

समोर रमा पदराचं टोक चावत उभी होती. जाऊ दे गेली तर अब्रू, विमलाबाईनं ठरवलं.

"पाह्यलं साहेब. दोन माणसं होती, गाडीवाले. अच्युत नव्हता त्याइच्यात."

सरकारी वकील उठले. "आप कहाँ थीं?"

"तिथंच. तिवऱ्यात बसून होती."

"क्यों?"

"कायले म्हंजे? शेंगा तोडून राहिली होती."

"किसके खेत में?"

विमलाबाईनं बोट दाखवलं. "ह्या भास्करभाऊच्या."

कोर्ट हसलं, दारातला शिपाईसुद्धा हसला. जजसाहेबांनी मात्र ओठ दाबून सगळं लिहून घ्यायला लावलं. पुढं निकालाच्या दिवशी ते म्हणाले, जी बाई भरकोर्टात स्वतःची चोरी कबूल करते, ती दुसऱ्यासाठी खोटं कशाला बोलेल? अच्युत सुटला.

बाहेर रमा विमलाबाईच्या गळ्यात पडून रडली. विमलाबाईही पोटभर रडली. तेवढ्यात मागून भास्करराव गरजले, "चोराच्या उलट्या बोंबा! दरसाल लोकायले शिव्या देते, अन् तिवऱ्याची चोर तूच!"

"कोन म्हनते?"

"तूच तं बोलली कोर्टात! या कानानं आयकलं म्या!"

विमलाबाईनं डोळे पुसले आणि पदर कमरेला खोचला.

"आयकलंच ना? आयकलेलं चालत नाही, भास्करभाऊ. डोयानं पाह्यलं असंन तं बोला."