पाठमोरी आई

डबिंगच्या धंद्यात एक मोठी सोय असते. पडद्यावरचं माणूस पाठमोरं असलं, की त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. ओठच दिसत नाहीत, तर बोलणं जुळवायचं कशाशी? सिनेमातली निम्मी भोकं आम्ही अशीच बुजवतो.

हा सिनेमा अंतराळातला, पाण्यासारखा पैसा ओतलेला. त्यात मला आईचं काम मिळालं होतं. जन्मभर मी चेटकिणी केल्या, खाष्ट शेजारणी केल्या, साबणाच्या जाहिरातीत कपड्यांच्या शुभ्रतेवर हरखून गेले. एवढं मोठं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं, आणि ते मला मनापासून हवं होतं.

शेवटी शेवटी कळतं, की यान जड झालंय, इंधन पुरणार नाही. मग लेकीला वाचवायला आई दार उघडते आणि स्वतःला बाहेर लोटून देते. मी काचेपलीकडे बसलेल्या डायरेक्टरला विचारलं, "अरे, तिच्या मागे तो रोबो उभाय ना, त्याचं वजन किती असेल?"

"असेल टनभर."

"मग त्याला ढकला की. मूठभर हाडांची बाई कशाला?"

रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेला पोरगा, आमचा बटण्या, खाली मान घालून हसला.

"मावशी, रोबो पुढच्या भागात आहे," डायरेक्टर म्हणाला. "त्याची खेळणीसुद्धा बाजारात आलीत."

"आणि आईची?"

"आईचं खेळणं कोण घेणार?"

तो पुढे समजावू लागला. मूळ सिनेमा पाहून लोकांनी नेमकी हीच टर उडवली होती, म्हणून आपल्या भाषेत तो नवी ओळ टाकणार होता. आई दाराकडे चालत जाते तेव्हा फक्त तिची पाठ दिसते. तिथे तिनं म्हणायचं, 'माझं जगून झालंय. मी खुशीनं जातेय.' झालं, प्रश्न मिटला.

माझं डोकंच फिरलं. "मारायचं तर मारा, सिनेमा आहे. पण खुशीनं कशाला? आत्ता मघाशी ती नव्या ग्रहावर टोमॅटो लावायच्या गोष्टी करत होती. तिचं जगून झालं हे तुला कुणी सांगितलं?"

"आई आहे हो ती, मावशी. भावना बघा ना."

"म्हणजे गोष्टीला भोक पडलं, की त्यात आई कोंबायची."

त्याचा चेहरा उतरला, मग घट्ट झाला. "जमत नसेल तर तसं सांगा. उद्या दुसरा आवाज बोलावतो."

हे काम गेलं असतं, तर पुन्हा साबणच होता.

"लाव सीन," मी म्हटलं.

आई वळली. तिची पाठ दिसू लागली. मी माईकजवळ सरकले आणि अगदी हळू बोलले, "मला कुणी विचारलंच नाही, पोरी. विचारलं असतं, तर नाही म्हटलं असतं."

आम्ही सगळे एकेकटे येऊन बोलून जातो. लेकीचं बोलणं मागच्याच आठवड्यात रेकॉर्ड झालं होतं. सीन चालूच होता, आणि हेडफोनमध्ये तिचा रडवेला आवाज आला, "माहीत आहे मला, आई."

बटण्याचा हात बटणावर तसाच राहिला.

"लिहिलंय तसं एकदा घेऊ या," डायरेक्टर काचेआडून म्हणाला. आवाजात जोर नव्हता.

मी हेडफोन काढून खुंटीला अडकवले. काम गेलं हे मला कळत होतं, आणि वाईट वाटत होतं, रडू फुटेल इतकं. पण ती ओळ माझ्या तोंडून निघणार नव्हती.

"उद्या दुसरीला बोलाव," मी म्हटलं. "फक्त ओळ हातात देण्याआधी तिला एवढं विचार, बाई, तुला जायचंय का?"