राहिलेलं दुसरं माप

मी एक जुना डावा पाय आहे. गुडघ्याखालचा. मित्रांनो, हसू नका. तुमचे पाय तुमच्याबरोबर जन्मले. मला भट्टीत तापवून साच्यावर ओढलं. तळव्याला रबर लावलं, आणि माणसाचा उरलेला पाय आत बसावा म्हणून वर एक कप केला. कपाला पट्टा.

मी रामकिसनचा. तो आणि त्याची बायको अंजना ऊसतोडीला जायचे. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम दारात उभं करत नाही.

दुष्काळाचं साल होतं. जनावराला चारा नव्हता. रामकिसन कडा गावाहून सायकलवर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन निघाला. पेंडी लांबलचक, मागं लोंबणारी. आमच्या भागात रेल्वे नवी. गाडी दिसली होती, पण आपण पलीकडं जाऊ असं त्याला वाटलं. सायकल गेलीही. पेंडीचं शेपूट रुळावर राहिलं. इंजिनाचा धक्का त्या शेपटाला बसला, सायकल गरकन मागं फिरली आणि पाय गेला.

कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव दवाखान्यात आले. म्हणाले, "पाय आमी देऊ. औंदाच्या मोळीला तू चालत स्टेजवर येशील." गाळप सुरू करताना उसाची पहिली मोळी टाकतात, त्याचा तो सोहळा.

कारखान्याच्या शिबिरात माप घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अजून सूज आहे. थांबायला हवं."

"मोळी थांबत नसती, मॅडम," विठ्ठलराव म्हणाले.

"मग दोन महिन्यांनी दुसरं माप घ्यावंच लागेल. सूज उतरली की कप ढिला पडतो."

"गाडी पाठवू की. आपलाच माणूस हाय त्यो."

स्टेजवर रामकिसनच्या आधी मला हार घातला. मीही फुगलो. तो चालला तेव्हा मुकादम धुळाजी खालून म्हणाला, "आला बे, पुरा कोयता आला." लोक हसले. अंजना मात्र पदरात तोंड घालून रडत होती.

पुढं ते फडात गेले. सूज उतरली, कप ढिला झाला. रामकिसन गाडीची वाट बघत राहिला. शेवटी त्यानं चेअरमनच्या माणसाला, उत्तरेश्वरला, फोन लावला.

"पाय दिला की तुला. आता काय रोज देऊ का?"

"पाय नगं, भाऊ. नुस्तं माप घ्या."

"शिबिर संपलं बे."

मग अंजनानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या माझ्या कपात कोंबल्या. त्यावर तो ऊस तोडत होता. कातडं घासलं, जखम झाली. धुळाजीला कळलं तर अर्धा कोयता होईल, म्हणून दोघांनी ती झाकली. पट्टा सुटला की वास यायचा, तेव्हा अंजना खोपीचं दार लावून घ्यायची. हंगाम संपेपर्यंत जखम वर चढली, आणि डॉक्टरांनी गुडघ्याच्या वरून पाय कापला. माझ्याजवळ गुडघा नाही. मी खुंटीवर गेलो.

यंदा मोळीच्या आधी उत्तरेश्वर दारात आला.

"वहिनी, त्यो पाय पडूनच हाय ना? द्या. वाटपात एक कमी पडतोय."

"कुणाला?"

"हाय एक सायकलवाला. त्यो बी रेल्वेखाली गेलता."

"त्याचं माप घेतलं?"

"मापाचं काय घेऊन बसलात? स्टेजवर उभं तर राहायचंय."

अंजनानं मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, देती आता. तिनं मला उलटं केलं, आत हात घातला आणि वाळून काळ्या पडलेल्या चिंध्या त्याच्या हातावर ठेवल्या.

"विठ्ठलरावांला दाव. म्हणावं, दुसरं माप आमीच घेतलं."

तो चिंध्या टाकून गेला. तिनं मला परत टांगलं. यंदा ती भावाबरोबर कोयता धरणार आहे. रामकिसन घर राखील.

मित्रांनो, हार घालायला गर्दी असते, पट्टा सोडून आत बघायला कुणी येत नाही. तुमच्या गावात असा पाय कुणाला मिळाला, तर दोन महिन्यांनी त्याच्या घरी जा. आत बघा. आणि कुणी "गाडी पाठवू" म्हणालं, तर सगळ्यांसमोर विचारा, कोणत्या दिवशी.