अलाबामाची चोवीस मतं

लोकसभेचा निकाल लागला त्या संध्याकाळी पनवेलच्या वडाळे तलावावरच्या कट्ट्यावर आधी पेढे आले, मग वाद आला. वादाच्या भरात इंद्रजीत दाऊदभाईंना म्हणाला, "तुमचं बरंय. विचार करायची गरजच नाही. तुमच्या लोकांना सांगतात तिथं तुम्ही बटण दाबता."

दाऊदभाई अर्धं आयुष्य कुवेतला काढून आलेले, मुळात अबोल. हातातला पेढा त्यांनी कागदावर ठेवला, पायात चप्पल सरकवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर त्यांची जागा रिकामी.

चंद्रावतीबाईंना हे फार लागलं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण त्या क्षणी "अहो, असं काय बोलता" यापलीकडे त्यांच्याही तोंडून काही निघालं नव्हतं. आणि काशीराम तर दाऊदभाईंचा शाळेपासूनचा दोस्त. तो तलावाकडे बघत बसून राहिला होता.

पंधरवड्यानं बाई दाऊदभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर मुलगा अबरार होता, दाऊदभाई मागे वर्तमानपत्र वाचत बसले होते.

बाईंनी पुन्हा कट्ट्यावर बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, "माफ करा बाई, जिथे राजकारण निघतं तिथे आता नको वाटतं."

"राजकारण निघणारच. पण शंभर वर्षांपूर्वीचं, आणि अमेरिकेतलं. आजचं कुणी काढलं तर उठून जायचं, असा नियम केलाय."

दाऊदभाईंना हसू आलं. दुसऱ्या दिवशी ते आले.

अमेरिकेची जुनी वर्तमानपत्रं नेटवर फुकट वाचायला मिळतात, हे बाईंना भाचीनं शिकवलं होतं. एकोणीसशे चोवीसच्या जूनमध्ये तिकडे न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला. बाई रोज त्या-त्या तारखेची बातमी मोबाइलवर काढायच्या आणि मराठीत सांगायच्या. पुढचं कुणी आधीच शोधायचं नाही, हा दुसरा नियम.

मुख्य दावेदार दोन. स्मिथ हा न्यूयॉर्कचा, गरिबीतून वर आलेला, पण तिथल्या अल्पसंख्य कॅथलिक पंथाचा, म्हणून अनेकांना नकोसा. मॅकडू खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांचा लाडका. दाऊदभाईंनी लगेच स्मिथला धरलं. काशीराम मूळचा बेलपाड्याचा, जमीन जाऊन तिथं टॉवर उभे राहिले तरी मनानं शेतकरीच. "आपला मॅकडू," तो म्हणाला. "शेतकऱ्याचा मानूस हाय तो."

तीन-चार दिवस मजेत गेले. मग ठरावाची बातमी आली. पांढरे बुरखे घालून काळ्या लोकांना, ज्यूंना, कॅथलिकांना छळणारी क्लॅन नावाची एक संघटना होती. पक्षानं नाव घेऊन तिचा निषेध करावा, असा ठराव मांडला होता. सभागृहात आरडाओरडा झाला, धक्काबुक्की झाली.

"मग?" दाऊदभाईंनी विचारलं.

"पडला ठराव. जेमतेम एका मतानं."

 दाऊदभाई चष्मा काढून पुसत राहिले.

"आनि माझा मॅकडू काय बोलला?" काशीरामनं विचारलं.

"काहीच नाही. गप्प राहिला."

"अहो, मतं जातात अशानं," इंद्रजीत म्हणाला. "राजकारणात गप्पच राहावं लागतं."

 काशीराम इंद्रजीतकडे वळून म्हणाला, "नियम मोडतो आज. त्या दिवशी तू दाऊदला जे बोललास ना, ते चांगलं नाय बोललास. मला कुठं मतं मागायची होती? तरी मी पन गप बसलो."

"जाने दे, काशीराम," दाऊदभाई हळूच म्हणाले.

"का म्हनून जाने दे?"

इंद्रजीतचा चेहरा उतरला. "मी थट्टेत बोललो होतो," म्हणत तो उठला आणि गेला. पुढे कितीतरी दिवस आला नाही. आपण एकाला आणलं आणि दुसऱ्याला घालवलं, असं बाईंना वाटत राहिलं.

तिकडे मतदान सुरू झालं होतं. जिंकायला दोन तृतीयांश मतं हवी होती आणि ती कुणालाच मिळेनात. फेरीमागून फेरी. दर वेळी पहिलं नाव अलाबामा राज्याचं, आणि त्यांची चोवीस मतं प्रत्येक वेळी त्यांच्याच राज्यातल्या एका तिसऱ्या माणसाला. बाई "अलाबामा" म्हणाल्या की काशीराम आणि दाऊदभाई एका सुरात ओरडायचे, "चोवीस!" तलावाला फेऱ्या मारणारे वळून बघायचे. फेऱ्या शंभराच्या वर गेल्या. उकाड्यानं प्रतिनिधी हैराण झाले, कित्येकांचे हॉटेलात राहायचे पैसे संपले.

शेवटच्या फेरीच्या दिवशी इंद्रजीत आला. कट्ट्यापासून जरा लांबच उभा राहिला. "मला घरी चैन पडेना," तो म्हणाला. "कोण जिंकलं तेवढं ऐकतो आणि जातो."

"दोघंही नाही," बाई म्हणाल्या. "दोघांनी माघार घेतली आणि डेव्हिस म्हणून तिसऱ्यालाच उमेदवारी दिली. आता नियम संपला म्हणून पुढचंही बघितलं, तो नोव्हेंबरातल्या निवडणुकीत सपाटून हरला."

"आयला!" काशीराम म्हणाला. "यवढा जीव काढला तो हरायला?"

सगळे हसले, इंद्रजीतही. मग हसणं ओसरलं आणि तो तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"दाऊदभाई," तो म्हणाला, "त्या दिवशीचं... मी बोलायला नको होतं."

दाऊदभाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "हो, नको होतं," ते म्हणाले. मग बाजूला सरकले. "बसा."

तो बसला. बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला. काशीराम चहा सांगायला उठला.