गोजराबाईची दाढ

मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यातली, डावीकडची, मागून दुसरी. हसू नका, मित्रांनो. पुढचे दात फोटोत दिसतात म्हणून मिरवतात. घास बारीक करायला शेवटी आम्हीच लागतो.

घणसोलीच्या गोजराच्या तोंडात मी उगवले, तेव्हा ती बारा वर्षांची होती. खाडीच्या गावातलं तोंड ते. चिंबोरीची नांगी मी एका दणक्यात फोडायची. लग्नात गोजराने माझ्यावर अख्खी सुपारी फोडली, तेव्हा सासरची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. माझी शेजारीण म्हणजे तिची जीभ. माझ्याहून धारदार तीच. जमीन मोजायला आलेले साहेबसुद्धा तिच्यापुढे चहा न पिता उठले.

जमीन मात्र नव्या शहरासाठी गेलीच. भाताची खाचरं गेली, मिठागर गेलं, आणि तिकडे वाशीला इमारतींवर इमारती उठल्या. गोजरा रोज सकाळी ओट्यावर बसायची, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री बोटाने माझ्यावर घासायची आणि तिकडे बघून थुंकायची. मी काळी पडले. कोणी विचारलं नाही. ठणकले की आणखी मिश्री, हाच उपाय.

ब्याऐंशी साली गोजराची नात नंदिनी बारावी झाली. मोठ्या डॉक्टरकीला मार्क थोडे कमी पडले, पण दातांच्या डॉक्टरकीला मुंबईत जागा मिळाली. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. घरात बैठक बसली. तिचे वडील धर्मराज बेलापूर रोडच्या एका कंपनीत फिटर होते. ते म्हणाले, वाशीत एवढी बिऱ्हाडं आलीत, दात दुखला की पूल ओलांडून मुंबईला जातात. पोरगी इथंच पाटी लावेल, रात्रीअपरात्री कोणी उठवणार नाही, बायकाही बाईपुढे मोकळेपणी तोंड उघडतील. काका वामन म्हणाला, दातांचा डॉक्टर म्हणजे अर्धा डॉक्टर. त्यावर नंदिनी हळूच म्हणाली की दुखणारं माणूस काही अर्धं नसतं. मग सगळे गोजराकडे बघू लागले.

"लोकांच्या उष्ट्या तोंडान हात घालशील, मंग तुझ्या हातची भाकर कोन खाईल?" गोजरा म्हणाली. "आमी जमिनी हरलो, पोरी. इज्जत नाय हरलो."

नंदिनी रडली नाही. ती उठून आजीच्या पुढ्यात बसली.

"आजे, तुझी दाढ ठणकते ना? नुसतं तोंड उघड. बघू दे."

मित्रांनो, तेव्हा मला लागूनच गालाच्या आतून एक पांढरा चट्टा उठला होता. कवडीएवढा. तो फक्त मला ठाऊक होता. मला वाटलं, आता उघडेल. पण गोजराने ओठ असे आवळले की वरची दाढ माझ्यावर येऊन बसली. तिने तोंडाला पदर लावला. आपलं उष्टं नातीच्या हाताला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिची माया ही अशी, आडमुठी.

शनिवार गेला. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. नंदिनी टायपिंग शिकायला लागली.

दोन वर्षांत तो चट्टा चिघळला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, मशीनचा शेक द्यायचा तर आधी दात काढावे लागतील. आणि विचारलं, इतके दिवस कोणी हिचं तोंड बघितलंच नाही का? मी चिमट्यात धरली गेले आणि निघाले. नंदिनीने मला मागून घेतलं, धुतलं, रुमालाच्या गाठीत बांधून कमरेला खोचलं. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

गोजराचं तोंड आता बोटभरच उघडायचं. नंदिनी चमच्याने पेज भरवायची, ओघळ बोटाने टिपायची, कापसाने जखम साफ करायची. शेजारच्या खाटेवरच्या काशीबाईने विचारलं, नात डॉक्टरीण आहे का तुमची? गोजराने नंदिनीचं मनगट धरलं. ती धारदार जीभ जड झाली होती. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"पोरी, तो फारम भर. दातांचा."

तो प्रवेश ब्याऐंशी सालापुरताच होता. नंदिनीला ते पक्कं ठाऊक होतं.

"भरलाय, आजे," ती म्हणाली. "जूनपासून जायचंय."

"भर. तुझा हात हलका हाय."

चौथ्या दिवशी गोजरा गेली. नात दातांची डॉक्टरीण होणार, हे समजूनच गेली.

आज नंदिनी वाशीत एका कचेरीत टाइप करते. तिच्या वाटेवर दातांचा एक नवा दवाखाना उघडलाय. तिथे आली की ती रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या कडेने चालते. मी तिच्या पर्समध्ये असते, म्हणून मला कळतं.

मित्रांनो, घरातलं लेकरू "तोंड उघड, बघू दे" म्हणालं, तर उघडा. त्याच्या हाताला काय लागेल, याचा विचार करत बसू नका. मी पन्नास वर्षं त्या तोंडात राहिले आणि तो चट्टा पहिल्या दिवसापासून पाहिला. पण दाढेला बोलता येत नाही. ज्यांना बोलता येतं, त्यांनी तरी लाजू नये.